फेर्रागोस्तोचा खांब

सकाळी अकरालाच मी भट्टी विझवली,
दारावर पाटी अडकवली: सुट्टी. सोमवारी भेटू.
गेल्या वर्षीचीच पाटी,
कोपऱ्यात पिठाचा अंगठा उमटलेली.
औषधवाला बंद, न्हावी बंद,
पोस्टाची खिडकी तर जुलैपासूनच पेंगतेय.
पंधरा ऑगस्टला आमच्या कास्तेल्वेरेत
आजारी पडायचीही कुणाला सवड नसते.

मारियामातेची मूर्ती मिरवून चर्चात परतली,
वाहणाऱ्यांनी काळे कोट काढले
आणि त्याच खांद्यांवरून
चौकात जेवणाची टेबलं आली.

इरिदेने पहाटेच ढोबळ्या मिरच्या भाजल्या,
थेट जाळावर, साल कोळशासारखी होईस्तोवर.
कोंबडी मात्र कालची.
"आजची आज खाल्ली तर नुसती कोंबडी," ती म्हणते,
"रात्रभर मुरली की सण."
विहिरीत सोडलेली कलिंगडं वर ओढताना
एक कठड्यावर आपटून फुटलं.
तिथेच, उभ्या उभ्या, फस्त.
मग बिया थुंकायची पैज.
नाझ्झारेनोची बी पाद्रीबाबांच्या टोपीवर बसली,
बाबांनी टोपी न हलवता
अंतर मोजायला लावलं.

दुपार पोत्यांच्या शर्यतीत गेली,
रस्सीखेचीत खालच्या आळीने वरच्या आळीला लोळवलं,
(वरची आळी म्हणते दोर ओला होता),
आणि पाण्याचे फुगे तर असे बरसले
की सरपंचबाईंच्या भाषणातला
फक्त "प्रिय" एवढाच शब्द कोरडा राहिला.

मग खांब.
तीन पुरुष उंच, सोललेला, गुळगुळीत,
वर डुकराच्या चरबीचा हात फिरवलेला.
टोकाला चाकाएवढी कडी,
कडीला लटकलेली मांडी, मीठ लावून वर्षभर सुकवलेली.
चौतीस वर्षं या खांबावर
पहिला दुइलिओच चढायचा.
चढायचा म्हणजे, घसरायचा.
छातीने, पोटाने, गालाने
चरबी पुसत खाली यायचा,
आणि त्याच्यानंतरच्या कुणाच्या तरी
हाताला खांब लागायचा.
मांडी त्याला एकदाही मिळाली नाही.
फोटोत तो दरवर्षी आहे,
कडेला, चमकणारा.

यंदा त्याचा गुडघा धातूचा.
खुर्ची टाकून बसला,
मांडीवर कलिंगडाची फोड, न खाल्लेली.

पोरं चढली. पोरं घसरली.
शहरातून आलेला कुणाचा तरी जावई
हाताला माती चोळून गेला
आणि मातीसकट आला.
सात वाजले. साडेसात वाजले.
पाकोळ्या खांबाभोवती घिरट्या घालू लागल्या.
कुणीतरी म्हणालं, शिडी आणा.
सगळा चौक त्याच्याकडे असा वळला
की तो बिचारा आपल्या चपलांकडे बघत बसला.

दुइलिओ उठला नाही.
बसल्या बसल्याच त्याने सदऱ्याची बटणं सोडली,
तोच निळा सदरा, चौतीस उन्हाळ्यांचे तेलकट नकाशे अंगावर घेतलेला,
आणि नीवेसकडे फेकला.
पोर पंधराची, पायाला खरूज, तोंडाला कुलूप.
"पुसत जा," तो म्हणाला. "वर बघू नकोस."

ती वर बघितल्याशिवाय गेली.
एक वीत पुसायची, एक वीत चढायची.
चौक गप्प. इरिदेच्या हातातला डाव तसाच हवेत.
कडी वाजली तेव्हा
आम्हाला आधी वाटलं, चर्चची घंटाच वाजली.

पाव माझा होता, सकाळचा,
थोडा कडक झालेला, पण मांडीच्या पातळ कापांना तसाच लागतो.
पहिला काप नीवेसने दुइलिओला नेऊन दिला.
तो उघड्या अंगाने खात बसला,
छातीवरचे पांढरे केस वाऱ्यावर,
आणि म्हणाला, मीठ जास्त आहे.
चौतीस वर्षं थांबून
माणूस एवढंच म्हणाला.

रात्री पत्ते, रात्री अकॉर्डियन,
रात्री कुणी कुणाशी बोललं ते मी सांगणार नाही.

सकाळी पाणी भरायला बाहेर पडलो
तर नीवेसच्या दोरीवर निळा सदरा वाळत,
दोनदा धुतलेला, तरी डाग तिथेच,
आणि खाली गावातली तिन्ही कुत्री
मान वर करून, शहाण्यासारखी, बसलेली.